फॉर्मलिनच्या बरणीत ठरणारा निकाल

वणीत एखाद्या बाईच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा काढला, की तो बरणीत घालून यवतमाळ, सेवाग्राम नाहीतर नागपूरकडे रवाना होतो. तिथे त्याचा मेणाचा ब्लॉक बनतो, स्लाइड तयार होतात आणि शंका उरलीच तर नातेवाईक तो ब्लॉक घेऊन मुंबईला ‘टाटा’ गाठतात. शेवटी हातात येणाऱ्या रिपोर्टात कधी एक ओळ असते : ई-कॅडहेरिन निगेटिव्ह. म्हणजे पेशींच्या कडेवर जे प्रथिन असायला हवे, ते दिसले नाही. ही ओळ मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत लिहिली जाते म्हणून ती तिथेच ठरते असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे वेगळे आहे. नसण्याची साक्ष देणारी चाचणी नमुन्याच्या पहिल्या तासावर उभी असते आणि तो तास वणीतला असतो.

दूधनलिकांच्या, आतड्याच्या, त्वचेच्या पेशी शेजारणीला घट्ट धरून असतात, त्यात या प्रथिनाचा मोठा वाटा आहे. ते पेशीच्या पडद्यातून आरपार गेलेले असते. बाहेरचे टोक शेजारच्या पेशीवरच्या तशाच टोकात अडकते; आतले टोक कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला बांधलेले असते. बाहेरची पकड कॅल्शियमवाचून टिकत नाही. क्योटोच्या मासातोशी ताकेइची यांनी 1970च्या दशकात या कॅल्शियमवाल्या पकडीचा माग काढला; कॅडहेरिन हे नाव 1984 मध्ये आले. त्या शोधात प्रतिपिंडांचाच हात होता : प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर ठरावीक प्रतिपिंड सोडले की पेशी एकमेकींपासून सुटत, म्हणजे प्रतिपिंड ज्याला चिकटले तेच त्यांना धरून ठेवणारे. एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे बनवण्याची रीत केंब्रिजमध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांनी 1975 मध्ये काढली होती, तिचा हा लाभ. पुढे 1995 मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवले, की स्तनाच्या लोब्युलर कॅन्सरमध्ये अनेकदा या प्रथिनाचे जनुकच बिघडलेले असते. पकड सुटलेल्या त्या पेशी एकेकट्या, रांगेने आजूबाजूच्या ऊतीत शिरतात. त्यामुळे गाठ हाताला नीट लागत नाही, मॅमोग्राफीलाही हुलकावणी देते आणि पसरलीच तर पोटाच्या आवरणात, अंडाशयात अशा आडवाटेच्या जागीही सापडते.

आता रिपोर्टातली ई-कॅडहेरिनची तपासणीही प्रतिपिंडांनीच होते; ती टेबलावर कशी चालते ते पाहण्यासारखे आहे, कारण तिच्या प्रत्येक पायरीत आधीची पायरी लपलेली असते. ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप निघतो, कोमट पाण्यावर तरंगतो आणि स्लाइडवर उचलला जातो. झायलीनने मेण निघते, मग अल्कोहोलच्या उतरत्या पायऱ्यांनी काप पुन्हा पाण्यात येतो. फॉर्मलिनने प्रथिने एकमेकांना जखडून ठेवलेली असतात, त्यामुळे प्रतिपिंडाला जिथे बसायचे ती जागाच झाकलेली. म्हणून स्लाइड बफरमध्ये बुडवून प्रेशर कुकरमध्ये उकळतात. हो, चक्क प्रेशर कुकर; मोठ्या केंद्रांत हे काम यंत्र करते, पण तत्त्व तेच. नंतर हायड्रोजन पेरॉक्साइड, कारण रक्तपेशींतले स्वतःचे एन्झाइम खोटा रंग देते. मग प्रतिपिंडाचे थेंब, धुणे, त्याला पकडणारे एन्झाइमवाले दुसरे द्रावण, पुन्हा धुणे आणि शेवटी डीएबी हे रंग उठवणारे रसायन. जिथे प्रतिपिंड बसले तिथे तपकिरी रंग उठतो. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रके निळी होतात. निरोगी दूधनलिकेत प्रत्येक पेशीभोवती बारीक तपकिरी कड उमटते आणि सगळे मिळून मधाच्या पोळ्यासारखे दिसते. शेजारीच लोब्युलर गाठ असेल तर तिथे निळ्या ठिपक्यांची रांग असते, कड नसते.

रंग उठला तर तो बरोबर जागी, पेशीच्या कडेवरच उठला का, हे डोळ्यांनी तपासता येते. रंग न उठण्याला मात्र अनेक कारणे असू शकतात आणि बहुतेक सगळी सारखीच दिसतात : प्रथिन खरेच नाही, प्रतिपिंड शिळे झाले, उकळणे कमी पडले, किंवा प्रथिन होते पण वाटेत कुजले. शेवटचे कारण नागपुरात दुरुस्त होत नाही. तुकडा शरीराबाहेर आला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, पेशींतली एन्झाइमे पेशींनाच खाऊ लागतात आणि फॉर्मलिन आत पोचेपर्यंत ते थांबत नाही. फॉर्मलिन तासाला साधारण एक मिलिमीटर एवढ्याच वेगाने मुरते. वणीच्या मे महिन्यात पारा 45च्या आसपास असताना सलाइनमध्ये ठेवलेल्या किंवा छोट्या बरणीत कोंबलेल्या तुकड्याचे काय होत असेल, याला वेगळा पुरावा नको. नमुन्याच्या किमान दहापट फॉर्मलिन हवे, तेही बफर केलेले, कारण साधे फॉर्मलिन ठेवून ठेवून आम्लधर्मी होत जाते. हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू या चाचण्यांसाठी अमेरिकी तज्ज्ञांनी घातलेला नियम असा : नमुना एका तासाच्या आत फॉर्मलिनमध्ये जावा आणि सहा ते बहात्तर तास त्यात राहावा. कॅडहेरिनला वेगळी सवलत मिळण्याचे कारण नाही.

जाणकार पॅथॉलॉजिस्ट इथे अडवतील. म्हणतील, त्याच कापात निरोगी नलिका असते. ती तपकिरी झाली म्हणजे चाचणी नीट झाली आणि गाठीतले नसणे खरे. आक्षेप वजनदार आहे आणि बहुतेक वेळा बरोबरही. पण तो धरून चालतो की काप सगळीकडे सारखाच टिकला. मोठा तुकडा न चिरता बरणीत टाकला तर कडेची ऊती ताजी राहते आणि मधली बिघडते. नलिका कडेला आणि गाठ मधोमध असेल तर साक्षीदार खरा बोलतो, पण दुसऱ्याच जागेबद्दल. सुईच्या बायोप्सीत तर कधी निरोगी नलिका येतच नाही. आणि नलिकाही कोरी निघाली तर चाचणी फसली एवढेच कळते, तुकडा परत मिळत नाही. बाईला पुन्हा सुई, पुन्हा सव्वाशे-दीडशे किलोमीटरची खेप.

संशोधनात हाच प्रश्न आणखी बारीक होतो. प्रतिपिंड प्रथिनाच्या कोणत्या भागाला धरते यावर उत्तर बदलते. काही एन्झाइमे ई-कॅडहेरिनचे बाहेरचे टोक कापून टाकतात आणि सुमारे 80 किलोडाल्टनचा तुकडा सुटा होतो. आतल्या टोकाला धरणारे प्रतिपिंड वापरले तर कडेवर रंग दिसू शकतो, पकड मात्र गेलेली. काही लोब्युलर गाठींतही रंग दिसतो, म्हणून मग पी-120 कॅटेनिन पाहतात. ते कडेवरून सुटून पेशीच्या पोटात पसरलेले दिसले तर पकड मोडल्याचे कळते. खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कॅन्सर संशोधन केंद्रात सोराब दलाल यांच्या गटाने 2008 मध्ये प्लॅकोफिलिन-3 या दुसऱ्या पकडप्रथिनाबद्दल दाखवले, की ते कमी केल्यावर पेशींची चिकटण कमी होते आणि उंदरांत गाठ दूर पसरते. खर्र्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे ओझे वाहणाऱ्या विदर्भाला असा पकडीचा अभ्यास परका वाटू नये.

दुसरा आक्षेप उपचारांचा. ई-कॅडहेरिन आहे की नाही यावर आज औषध सहसा ठरत नाही. ते हार्मोन रिसेप्टर, हर-टू आणि गाठीचा टप्पा यांवर ठरते. खरे आहे. शिवाय 2019 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या कामाने उंदरांतल्या स्तनकॅन्सरच्या काही प्रकारांत उलटेच दाखवले : पसरणाऱ्या पेशींना जगण्यासाठी ई-कॅडहेरिन लागते. तेव्हा ‘पकड गेली म्हणजे कॅन्सर पसरला’ हे समीकरण कच्चेच. पण प्रथिनाचा अर्थ जितका गुंतागुंतीचा, तितके ते आहे की नाही याचे निरीक्षण निर्दोष हवे. कच्च्या निरीक्षणावर नवा अर्थही उभा राहत नाही. आणि त्याच बरणीतून हार्मोन रिसेप्टरचे उत्तर निघते, ज्यावर औषध ठरतेच.

राहिले जनुकवाचन. ते आले की प्रतिपिंडे कशाला, असे विचारले जाते. वाचनासाठी ऊती सहसा विरघळवावी लागते, मग कोणती पेशी कुठे होती हे उरत नाही. आणि बिघडलेल्या फॉर्मलिनमध्ये डीएनएचेही तुकडे होतात. त्यामुळे वणीपुरते मागणे साधे आणि स्वस्त आहे : मोठा तुकडा चिरून भरपूर बफर फॉर्मलिनमध्ये, आणि मागणीपत्रावर दोन वेळा लिहिलेल्या, तुकडा शरीराबाहेर आला ती आणि फॉर्मलिनमध्ये पडला ती.