कॅलगरीचे पत्र : शहागंजहून आलेला फोन

जानेवारीतली रात्र, बाहेर उणे वीस. अकरा वाजता फोन वाजला, म्हणजे तिकडे सकाळचे साडेअकरा. मागे छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) शहागंजमधल्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. फोनवर आमच्या जुन्या शेजारीणबाई होत्या. लहानपणापासून मी त्यांना मावशी म्हणतो. त्यांच्या धाकट्या मुलाने आठ महिन्यांपूर्वी कॉलेज सोडले. रिकाम्या खोलीत कुणाशी तरी बोलतो. आपले बोलणे कुणी ऐकते म्हणून मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवतो. गल्लीत कुणी 'बाहेरचं आहे' म्हणाले, म्हणून तिथल्याच निजामुद्दीनच्या दर्ग्यावर चार गुरुवार झाले. मग एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण पोरगा नुसता झोपून राहतो म्हणून त्या बंद केल्या. आता मावशींचे म्हणणे एवढेच : "तिकडं यावर थेरपी असते म्हणे. एखादा चांगला थेरपिस्ट बघ ना बाबा, फोनवर बोलणारा. गोळ्या नको."

त्यांना जे सांगितले तेच जरा सविस्तर इथे लिहितो आहे. परदेशात असा कुणी एकटा थेरपिस्ट असतो, जो नुसते बोलून हे आवाज थांबवतो, ही समजूत आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे.

कॅनडात डॉक्टरला आणि इस्पितळाला पैसे द्यावे लागत नाहीत. १९८४ च्या कॅनडा हेल्थ अॅक्टप्रमाणे तो खर्च करातून होतो. खासगी मानसशास्त्रज्ञ मात्र त्यात बसत नाही. आमच्या अल्बर्टा प्रांतात त्याच्या एका तासाला दोनशे डॉलरच्या वर पडतात आणि नोकरीतला विमा त्यातले थोडेच भरून देतो. मनोविकारतज्ज्ञाकडे जायला आधी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि नव्या आलेल्या कित्येक कुटुंबांना फॅमिली डॉक्टरच मिळत नाही. चिठ्ठी मिळाली तरी महिनोन्महिने रांग.

पण सायकोसिस, म्हणजे असे भास आणि संशय, पहिल्यांदाच झालेल्या तरुणांसाठी इथे वेगळे दार आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला १९९२ मध्ये पॅट्रिक मॅक्गोरी यांनी खास अशा तरुणांसाठी केंद्र उभारले. त्याच दशकात डॉन आणि जीन अॅडिंग्टन यांनी कॅलगरीत तसे काम सुरू केले. या ठिकाणी थेरपिस्ट शोधत फिरावे लागत नाही, कारण तो पथकातलाच एक असतो. मनोविकारतज्ज्ञ, केस सांभाळणारी नर्स, मानसशास्त्रज्ञ, घरच्यांशी बोलणारा समाजसेवक, कॉलेज किंवा नोकरी परत सुरू करून देणारा माणूस, हे सगळे एका छताखाली बसतात. आठवड्याला एकत्र येऊन 'या मुलाचे पुढे काय' असे ठरवतात आणि दोन-तीन वर्षे त्याची पाठ सोडत नाहीत. मला या देशाचे सगळ्यात जास्त कौतुक कशाचे असेल तर याचे.

घाई का, तेही सांगतो. लक्षणे सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत जितका काळ वाया जातो, तितके सावरणे कठीण होते. अमेरिकेत ३४ केंद्रांतल्या ४०४ रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या रुग्णांचे उपचाराआधी ७४ आठवडे किंवा त्याहून जास्त गेले होते. उशीर फक्त शहागंजमध्ये होत नाही.

आता थेरपी म्हणजे काय. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक सूचना सायकोसिससाठी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) या पद्धतीच्या निदान सोळा बैठका सांगतात, आणि त्या औषधांच्या जोडीने. या थेरपीत 'तुला भास होतात, ते खोटे आहे' असा वाद कुणी घालत नाही. आवाज कधी येतो, झोप झाली नाही की वाढतो का, त्याने सांगितलेले केले नाही तर काय होते, मोबाईल डब्याबाहेर पाच मिनिटे ठेवून बघायचा का, अशा पायऱ्यांनी जातात. आवाज पूर्ण जाईलच असे नाही, पण त्याची सत्ता कमी होते. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन यांनी अमेरिका, घाना आणि चेन्नई इथल्या रुग्णांना त्यांच्या आवाजांबद्दल विचारले. अमेरिकेतल्या लोकांना ते बहुधा क्रूर, परके वाटत. चेन्नईत पुष्कळांना घरच्या माणसांचे आवाज ऐकू येत, घरातली कामे सांगणारे, रागे भरणारे. तेव्हा आपल्या माणसाच्या भाषेत, आपल्या घराची रीत ओळखून बोलणारा थेरपिस्ट मिळणे ही चैन नव्हे, उपचाराचाच भाग आहे. मावशींच्या मुलाला कॅलगरीचा थेरपिस्ट फोनवर देणे म्हणूनच मला पटले नाही.

घरच्यांविषयी बोलताना या शहरात एक नाव घ्यावेच लागते. धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाने त्यांना घरच्यांचे हाल आतून कळले. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे 'सा', उभी केली. २००४ चा 'देवराई' हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट त्यांच्याच पुढाकारातून आला. मराठी घरांत स्किझोफ्रेनिया हा शब्द मोठ्याने उच्चारला जाऊ लागला, त्यात या कॅलगरीकर माणसाचा वाटा फार मोठा आहे.

घरचे माणूस काय करू शकते, यावर चंदीगड आणि लंडनच्या घरांची तुलना झालेली आहे. ज्या घरात रुग्णावर सतत टीका आणि चिडचिड, तिथे आजार उलटण्याचे प्रमाण जास्त असते, हे लंडनमध्ये आधी दिसले होते. ज्युलियन लेफ आणि एन. एन. विग यांच्या पाहणीत चंदीगडच्या घरांत ही टीका पुष्कळ कमी आढळली. कॅलगरीतली पथके कुटुंबाला महिनोन्महिने जे शिकवतात, त्यातले बरेच आपल्या घरांत आधीच असते. 'आळशी झालाय, नाटक करतो' हे मात्र बंद व्हायला हवे.

कॅनडाच्या उणिवाही सांगायला हव्यात. मुलगा अठराचा झाला की त्याच्या संमतीशिवाय डॉक्टर आईवडिलांना काही सांगत नाही. आपले लोक यावर हताश होतात. पण डॉक्टर सांगू शकत नसला तरी ऐकू शकतो, म्हणून घरात काय दिसते ते लिहून द्यावे. गांजा इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे. तीव्र गांजाने सायकोसिसचा धोका वाढतो, आणि एकटेपणात पहिला हिवाळा काढणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे कुणी सांगत नाही. पोरे इकडे पाठवणाऱ्या घरांनी ते आधीच बोलून ठेवावे.

मावशींना शेवटी मी परदेशातला पत्ता दिला नाही. शहागंजच्या घड्याळापासून घाटी रुग्णालय रिक्षाने दहा मिनिटांवर आहे, आणि तिथे मानसोपचार विभाग आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक राज्यांत लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नव्हता, म्हणून गर्दी असणारच, आणि पाच मिनिटांत सगळे सांगावे लागेल. ते कागदावर लिहून न्या : काय, कधीपासून, झोप किती, कोणती गोळी कधी बंद केली. झोप येते म्हणून गोळी सोडू नका. मात्रा कमी करा, बदलून द्या, असे डॉक्टरांना स्पष्ट म्हणा. मग थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुठे मिळेल ते विचारा. त्याची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी आहे का आणि सायकोसिसचे रुग्ण त्याने पाहिलेत का, हे दोन प्रश्न संकोच न करता करा. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. दर्ग्यावर जाणे सोडायची गरज नाही. गुजरातमध्ये मीरा दातारच्या दर्ग्याशेजारीच डॉक्टर बसतात आणि दुवा, दवा दोन्ही चालतात.

मुलगा यायला तयार नसेल, स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करीन म्हणत असेल किंवा आवाज त्याला तसे सांगत असतील, तर उद्याची वाट बघू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. जीव धोक्यात असेल तर थेट घाटीच्या अपघात विभागात न्या.

मावशींचे आठ महिने गेलेच आहेत. हे वाचणाऱ्या ज्या घरात असाच मोबाईल डब्यात पडला असेल, त्यांनी याच आठवड्यात केसपेपर काढावा.