डॉजचे ब्रेक, प्लिमथची पेटी

वडिलांनी घेतलेली १९५१ सालची डॉज किंग्जवे गाडी आमच्याकडे अजून आहे. नाव अमेरिकन, पण जुळणी कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून क्रायस्लर कंपनीच्या गाड्या तिथे जुळवायला सुरुवात केली, त्यांतलीच ही एक. रंग, काचा, सीटची कव्हरे याबाबत माणूस थोडीफार तडजोड करू शकतो. ब्रेकच्या बाबतीत मात्र तडजोड नाही, हे मला एका दिवाळीच्या आधी कळले.

पावसाळाभर उभी असलेली गाडी बाहेर काढली होती. मागच्या सीटवर मुलगी आणि आई. गल्लीच्या तोंडाशी, जिथे उतार रस्त्याला मिळतो, तिथे पेडल दाबले आणि ते थेट तळाला गेले. मी हँडब्रेक ओढला. या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या ड्रमवर लागतो आणि ऑइलवर अवलंबून नसतो. म्हणून आम्ही वाचलो. एका चाकाच्या सिलिंडरला आतून गंज चढला होता, रबर कप फाटला होता आणि सगळे ऑइल तिथून गेले होते.

एका चाकाचे ऑइल गेले तर चारही चाकांचे ब्रेक कसे जातात, असे कुणीही विचारील. त्या काळच्या मास्टर सिलिंडरला एकच कप्पा असे आणि चारही चाकांना त्यातूनच दाब मिळे. पुढच्या व मागच्या चाकांची व्यवस्था वेगळी ठेवणारा दुहेरी मास्टर सिलिंडर अमेरिकेत मोटारींना सक्तीचा झाला तो १ जानेवारी १९६८ पासून. त्याआधीच्या गाडीत एक पाच-दहा रुपयांचे रबर सगळ्या कुटुंबाचा जीव धरून असते.

मग सुटे भाग शोधायला निघालो. कुर्ल्याचा सीएसटी रोड झाला, ऑपेरा हाउसजवळची स्पेअर पार्टची दुकाने झाली. जे मिळाले ते जुने आणि तितकेच गंजलेले. शेवटी अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडे ‘डॉज १९५१’ असे लिहून पूर्ण संच मागवला. महिना-दीड महिन्याने खोके आले, जकात भरली, आणि मिस्त्रींनी एक सिलिंडर हातात घेऊन बाजूला ठेवला. ‘‘साहेब, हा आपला नाही.’’

चूक विक्रेत्याची नव्हती, माझी होती. किंग्जवे ही डॉज मुख्यतः परदेशी बाजारासाठी होती. वरून डॉजचे नाव आणि जाळी, पण अंगाने ती प्लिमथ. क्रायस्लर कंपनी एकच गाडी देशोदेशी डॉज, डिसोटो आणि प्लिमथ अशा तीन नावांनी विकत असे. अमेरिकेत विकली जाणारी डॉज तिच्याहून मोठी आणि जड होती. तेव्हा आपल्याकडच्या किंग्जवेचे ब्रेक शोधायचे ते प्लिमथच्या यादीत. हे कळल्यावर दुसरा संच पहिल्याच फेरीत जुळला.

यातून मी काही नियम शिकलो. पहिला, बॉनेटवरचे नाव सांगू नका, माप सांगा. जुना सिलिंडर उघडून आतला व्यास इंचात मोजा आणि अंगावर ओतलेला नंबर उतरवून घ्या. कोणता भाग कोणकोणत्या गाड्यांना चालतो हे सांगणारे हॉलंडरचे इंटरचेंज पुस्तक अमेरिकेत १९३४ पासून निघत आले आहे. नंबर हाती असला की काम निम्मे होते. आमच्या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकाला दोन सिलिंडर आहेत, मागे एकेक; म्हणजे एकूण सहा. चार मागवून चालत नाही.

दुसरा, ‘जवळपास बसतो’ म्हणून लावू नका. समजा, एक इंचाच्या जागी सव्वा नव्हे, नुसता एक अष्टमांश इंच मोठा सिलिंडर बसवला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. त्या चाकाला जोर जास्त मिळतो आणि गाडी एका बाजूला ओढते. नळ्यांचेही तसेच. अमेरिकन नट इंची आट्यांचा, तीन अष्टमांश इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. तो दहा मिलिमीटरच्या भोकात धरल्यासारखा वाटतो, आणि जोरात ब्रेक दाबल्यावर सुटतो.

तिसरा, काय मागवायचे आणि काय इथेच करायचे ते ठरवा. सिलिंडरचे ओतीव अंग शाबूत असेल तर चांगला लेथवाला आतून पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून मूळ माप परत आणतो. ब्रेक शूला नवे लायनर इथे चढवता येतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते, म्हणून ती धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. रबर मात्र नवेच घ्या. पन्नास वर्षे सीलबंद पाकिटात राहिलेले रबरही म्हातारे झालेले असते.

चौथा, ऑइलचा. आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो खरे, पण ते इंजिन ऑइल नव्हे. इंजिन ऑइलचे चार थेंब गेले तरी रबर फुगते. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. ते दोन वर्षांनी बदलावे.

आणि खोलताना सावध राहा. या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. मागचा ड्रम आसाच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. त्याला पुलरच हवा, हातोडा नव्हे.

सगळे बसल्यावर मिस्त्रींनी एअर काढली आणि पेडलवर पाय ठेवून मिनिटभर दाबून धरले. पेडल तसूभरही खाली गेले नाही. मग मी एकटाच गल्लीच्या त्या उतारावर तीनदा गाडी थांबवून आलो. आई आणि मुलगी चौथ्या फेरीला बसल्या.