महासंगणकाची छाती भरते तेव्हा

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. तिथे धोक्याची पातळी 45 फूट आहे. अशा वेळी रुग्णालयांना सगळ्यात जास्त गरज असते ती आगाऊ मिळालेल्या तासांची. डायलिसिसचा रुग्ण, दिवस भरलेली बाई, ऑक्सिजनवरचे आजोबा यांना कोरड्या रस्त्याने हलवता येते. पाणी चढल्यावर तेच काम बोटीतून करावे लागते, आणि त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली, हे जिल्हा विसरलेला नाही.

हे तास मिळवून देण्यात पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या महासंगणकांचा मोठा वाटा आहे. तिथे 2018 साली ‘प्रत्युष’ आला, 2024 मध्ये ‘अर्क’. ‘अर्क’चा वेग 11.77 पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे 11,770 लाख कोटी गणिते. पण हा वेग कागदावरचा. प्रत्यक्षात किती मिळतो, हे प्रोसेसरांना जोडणाऱ्या जाळ्यावर ठरते.

अंदाज करताना हवेचे चौकटींत तुकडे पाडतात. पूर्वी ही चौकट सुमारे 12 किलोमीटरची होती. मे 2025 मध्ये आलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये ती 6 किलोमीटरची झाली. सातारा जिल्ह्याला याचे मोल जास्त, कारण महाबळेश्वरला धुवाधार कोसळत असताना माणमध्ये कित्येकदा टँकर फिरत असतात. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, गणितातली वेळेची पावलेही निम्मी करावी लागतात, आणि काम साधारण आठपट वाढते. ते हजारो प्रोसेसर वाटून घेतात. मात्र कोयनेवरची हवा पुढच्या क्षणी कराडकडे सरकणार असते, म्हणून दर पावलाला प्रत्येकाने शेजाऱ्याला आपले आकडे कळवायचे. एकाचे आकडे अडकले की बाकीचेही खोळंबतात. नवरदेवाची गाडी आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत, तसे.

आकडे अडकतात वाटेतल्या स्विचमध्ये. महासंगणकाच्या जाळ्यात सहसा नियम असा, की पुढच्या स्विचमध्ये जागा असेल तरच पॅकेट सोडायचे. त्यामुळे काही हरवत नाही, पण रांग मागे मागे वाढते. आनेवाडी टोलनाक्याची रांग पाचवड, भुईंज ओलांडून सुरूरच्या मागे गेली, तर पुण्याहून वाईला निघालेलाही त्यात सापडेल. वास्तविक त्याचा त्या नाक्याशी काही संबंध नाही.

डॉक्टरांना हे चित्र रोजचे आहे. हृदयाच्या डाव्या बाजूचा जोर कमी पडला की रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसात पाणी भरते. रुग्ण ‘छाती भरली’ म्हणून येतो, दुखणे असते हृदयाचे. त्याला खोकल्याचे औषध देऊन भागत नाही. जाळ्यातही रांग एकीकडे दिसते आणि कारण दुसरीकडे असते. बऱ्याचदा शेकडो प्रोसेसर एकाच ठिकाणी एकदम आकडे धाडू लागलेले असतात.

ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेत बर्कलेला इंटरनेटची अशीच कोंडी झाली. जेमतेम 400 यार्डांवरच्या दोन संस्थांमधला वेग सेकंदाला 32,000 बिटांवरून 40 बिटांवर आला. तिथे पॅकेटे हरवत होती, म्हणून प्रत्येक संगणक तीच पुन्हा पाठवी आणि गर्दीत भर घाली. ओपीडीत नंबर लवकर लागावा म्हणून दोन खिडक्यांवर केसपेपर काढणारे असतात, त्यातलाच प्रकार. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये उपाय मांडला: तुंबल्याची चाहूल लागताच पाठवणाऱ्याने स्वतःहून हात आखडता घ्यावा.

आजचे महासंगणक त्यापुढे गेले आहेत. ‘प्रत्युष’चे जाळे सरळ वाट भरलेली दिसली की पॅकेट वळशाने पाठवते. काही जाळ्यांत भरत आलेला स्विच पॅकेटावर खूण करतो. ती पाहून घेणारा पाठवणाऱ्याला ‘जरा दमाने’ असे कळवतो. अमेरिकेतल्या ‘फ्रंटियर’चे ‘स्लिंगशॉट’ जाळे तर गर्दी करणाऱ्यांनाच हेरून त्यांचा वेग कमी करते, वाईवाल्याला जाऊ देते. यात सगळ्यात कठीण भाग प्रमाणाचा. लघवीचे औषध कमी पडले तर छाती भरलेलीच राहते, जास्त झाले तर रक्तदाब कोसळतो. इथेही पाठवणाऱ्याला फार आवरले तर वाटा रिकाम्या पडतात आणि प्रोसेसर बसून राहतात.

जाळे अनेकांत वाटलेले असेल तर तेच गणित एका दिवशी लवकर सुटते आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या कामाच्या गर्दीमुळे रेंगाळते. एरवीच्या संशोधनाला हे चालून जाते. पाटण तालुक्यात कोयनेचे दरवाजे किती उचलायचे हे ठरवताना मात्र पावसाचा अंदाज ठरल्या वेळी हातात लागतो, कारण तिथून सुटलेले पाणी कराडला कृष्णेला मिळून सांगलीकडेच येते आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा फुगलेली असली, तर ते लवकर ओसरतही नाही.