अर्ध्या तासाचं पाणी

लातूरकरांना पाण्याचा हिशेब रेल्वेच्या डब्यांत सांगितला की लगेच कळतो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून आलेल्या पहिल्या पाणीगाडीला दहा टाक्या होत्या, त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी. मक्याला पेरणीपासून दाणा पक्का होईपर्यंत साधारण ५०० मिलिमीटर पाणी लागतं. एकराला वीस लाख लिटर. म्हणजे तशा चार गाड्या. खरिपात बराच भार पाऊस उचलतो. सोयाबीन काढून ऑक्टोबर-नोव्हेंबरात मका पेरला, की जमिनीतली ओल संपल्यावर सगळं ओझं विहीर, बोअर नाहीतर कालव्यावर.

म्हणून ठिबक. पण नळ्या अंथरल्या म्हणजे पाणी वाचलं, असं होत नाही. मक्याच्या जोडओळी धरून चार फुटांवर एक लॅटरल टाकली, तिच्यावर ४० सेंटिमीटरला ताशी चार लिटरचा ड्रीपर असला, तर तासाभरात रानाला आठ मिलिमीटरहून थोडं जास्त पाणी बसतं. हिवाळ्यात तुऱ्यावर आलेल्या मक्याची दिवसाची गरज चार-पाच मिलिमीटर. थोडक्यात, रोज द्यायचं तर अर्धा-पाऊण तास, दिवसाआड द्यायचं तर तास-सव्वा तास. पीक गुडघ्याच्या खाली असताना त्याच्याही निम्मं.

आता आपल्याकडची रीत बघा. शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. कोण उठून बसणार? ऑटो स्विच टाकलेला असतो; लाइट आली की मोटार सुरू, गेली की बंद. एकाच कॉकवर तीन तास मोटार चालली, तर २५ मिलिमीटर पाणी गेलं. पाच-सहा दिवसांचा शिधा एका रात्रीत! भारी काळ्या रानात याचा त्रास दुप्पट. पाणी खाली लवकर निचरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, वाफसा मोडतो आणि मका पिवळा पडतो. पिवळा दिसला की आपण युरिया वाढवतो.

खताची गोष्टही पाण्याच्याच मागे चालते. युरियातलं नत्र नायट्रेट झालं की पाण्याबरोबर सरकतं. खत सोडून मोटार तशीच चालू ठेवली, तर ते मुळांच्या खाली उतरतं. म्हणून तासाभराच्या पाळीत आधी साधं पाणी, मग वेंचुरीतून खत आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटं पुन्हा साधं पाणी, म्हणजे नळ्याही धुऊन निघतात. बादलीत युरिया विरघळवताना पाणी एकदम गार पडतं. तो पुरता विरघळेपर्यंत ढवळायचं आणि कापडातून गाळूनच वेंचुरीची नळी त्यात सोडायची. वेंचुरी खत ओढत नसेल, तर तिच्या बाजूचा मुख्य कॉक थोडा आवळायचा. दोन्हीकडच्या दाबात फरक पडल्याशिवाय ती ओढणार नाही.

आता किती? संकरित मक्याला शिफारस साधारण हेक्टरी १२०:६०:४० नत्र, स्फुरद, पालाश. एकराला ४८:२४:१६. स्फुरद आपल्या चुनखडीच्या रानात जागेवरच अडकून बसतं, म्हणून ते पेरतानाच बियाण्याशेजारी, थोडं खोल. डीएपीची एक गोणी त्याला जवळजवळ पुरते, शिवाय तिच्यातून नऊ किलो नत्र मिळतं. उरलेल्या ३९ किलो नत्राला ८५ किलो युरिया. दोन गोण्यांनाही थोडा कमीच. हा युरिया आठ-दहा हप्त्यांत ठिबकमधून द्यायचा. सुरुवातीला चिमूट-चिमूट, गुडघाभर मक्यापासून तुऱ्यापर्यंत हात सैल, दाणे भरू लागले की आखडता. ओळीत फेकलेला युरिया विम्ल रानात वरच्या वर अमोनिया होऊन उडतो. हे नुकसान इथे टळतं.

दुकानात मात्र १९:१९:१९ च्या पिशव्या पुढे केल्या जातात. द्राक्षाला, ढोबळी मिरचीला ते परवडतं. २०२५-२६ ला मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये. या पिकाने विद्राव्य खतांची चैन का करावी? युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयांच्या आसपास मिळते आणि ती पाण्यात विरघळते.

तोच हिशेब संचालाही. अल्प-अत्यल्पभूधारकांना केंद्र आणि राज्य मिळून ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान आहे. तरीही त्यासाठी आधी खिशातून पैसा घालून नुसत्या मक्यासाठी नवा संच बसवावा, असं मी कोणाला सांगणार नाही. अर्धापूरकडच्या केळीत, नांदेडच्या हळदीत, लातूरच्या उसात नळ्या आधीच आहेत. पीक निघालं, रान रिकामं झालं, की त्याच लॅटरलच्या दोन्ही अंगांना मक्याची एकेक ओळ बसते. हळदीचं चार-पाच फुटांचं अंतर तर याला आयतंच.

फक्त पेरणीआधी जुन्या नळ्यांची टोकं सोडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यावं आणि ओळीच्या सुरुवातीच्या व शेवटच्या ड्रीपरखाली एकेक डबा ठेवून पंधरा मिनिटांनी मोजावं. चार लिटरचा ड्रीपर तेवढ्यात एक लिटर देतो. शेवटचा डबा अर्धाच भरला, तर आधी फिल्टर उघडून बघायचा, युरियाची गोणी नंतर.