मोगली परत आला, कुंभाराचे गाढव मागेच राहिले

१९९३ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे होतो. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावात रविवारी सकाळी रस्त्यावर एक पोर दिसत नसे. दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागे आणि अख्खे बालगोपाळ मोगलीच्या मागे जंगलात जात.

गावात टीव्ही दोनच, आणि दोन्ही वरच्या आळीत. आमच्या वाड्यात एकही नव्हता. ज्या घरी आम्ही जात असू, तिथे गावची मुले ओटीवर बसत आणि वाड्यातली आम्ही मुले अंगणात उभे राहून खिडकीच्या गजांतून पाहत असू. आम्हाला कधी कोणी हाकलले नाही. ‘वर या’ असेही कधी कोणी म्हटले नाही. खिडकीच्या उजव्या अंगाला कपाट होते, त्यामुळे पडद्याची ती बाजू झाकली जाई. बालू अस्वल अंगाने मोठे, ते आम्हाला नेहमी अर्धेच दिसे. शेरखानचा आवाज मात्र भिंत भेदून बाहेर येई. तो आवाज आपल्या मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा, हे आम्हाला फार उशिरा कळले.

पुढच्या वर्षी अंबरनाथला नोकरीला असलेल्या मामांनी हप्त्याने घेतलेला आपला जुना काळा-पांढरा संच आमच्याकडे आणून दिला. कौलावर अँटिना उभा राहिला आणि आमच्या बारा फुटी खोलीत तीस-पस्तीस मुले मावू लागली. एका रविवारी वरच्या आळीतल्या त्याच घरातली दोन मुले दाराशी येऊन उभी राहिली. वाऱ्याने त्यांचा अँटिना पडला होता. आईने त्यांना आत बोलावून पुढे बसवले. आम्हाला त्याचा रागच आला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे, लहानपणीच्या कार्टूनमधली माणसे आणि जनावरे नव्या चित्रपटातून पुन्हा आणायची लाट आली आहे. आपल्या घरातली मुले ते चित्रपट पाहतात, आपणही त्यांच्याबरोबर पाहतो. तेव्हा परत येणारा मोगली तोच आहे का, आणि वाटेत त्याच्या हातून काही सांडले का, हे पाहिले पाहिजे.

मोगलीचा प्रवास मोठा गमतीचा आहे. त्याचा लेखक रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात जन्मला. पुस्तक त्याने अमेरिकेत राहून लिहिले, ते १८९४ साली निघाले. त्यातले जंगल मध्य प्रदेशातल्या शिवनीचे आणि नदी वैनगंगा, म्हणजे पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहणारी. १९६७ साली वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने त्यावर कार्टून चित्रपट काढला. आमच्या लहानपणची मालिका मात्र जपानमध्ये तयार झालेली, १९८९ सालची, बावन्न भागांची. तिला हिंदी आवाज आणि गुलजार-विशाल भारद्वाज यांचे गाणे मिळाले. इंग्रजाची गोष्ट, जपानी चित्रे, हिंदी बोली आणि मुरबाडचे प्रेक्षक!

८ एप्रिल २०१६ रोजी डिस्नेनेच जॉन फाव्रो या दिग्दर्शकाकडून नवा ‘जंगल बुक’ करवून घेऊन भारतात लावला, अमेरिकेच्याही एक आठवडा आधी. यात मोगली झालेला नील सेठी हा मुलगा तेवढा खरा. बाकी वाघ, अस्वल, लांडगे, झाडे लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत आणि संगणकावर घडवलेली. म्हणजे पोर सोडले तर सगळे कार्टूनच, फक्त खऱ्यासारखे दिसणारे. हिंदी आवृत्तीत शेरखानला पुन्हा नाना पाटेकरांचाच आवाज दिला. बालूला इरफान खान, बघीराला ओम पुरी. जुने गाणेही जाहिरातीसाठी नव्याने करून घेतले. धंद्याचा हिशेब स्पष्ट आहे. तिकिटाचे पैसे मूल देत नाही, बाप देतो. बापाला त्याचे लहानपण आठवले की हात खिशात जातो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘मोटू पतलू : किंग ऑफ किंग्ज’ आला. मोटू-पतलू मूळचे ‘लोटपोट’ या हिंदी नियतकालिकातले जुने जोडीदार. २०१२ पासून ते टीव्हीवर हलू-बोलू लागले आणि मग मोठ्या पडद्यावर आले. काम मुंबईतल्या कॉसमॉस-मायाचे, दिग्दर्शक सुहास कडव हे मराठी गृहस्थ. गाणी पुन्हा गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचीच. आमच्या घरी धाकट्याला हाच चित्रपट जास्त आवडला. समोसे जास्त आहेत ना!

आम्ही नोकरीनिमित्त शहापूरला राहतो. एप्रिलच्या त्या सुट्टीत वस्तीतली अकरा मुले घेऊन आम्ही ‘जंगल बुक’ पाहायला कल्याणला गेलो. आसनगावहून लोकल. भाडे, तिकिटे, वडापाव हा सगळा खर्च तीन घरांनी मिळून केला. अकरांपैकी सात मुले थिएटरात पहिल्यांदा जात होती. एकाच्या वडिलांचे काम वीटभट्टीवर, एकीची आई वाशिंदच्या कारखान्यात कंत्राटी. दिवे मालवल्यावर एक लहानगा घाबरून आमच्या मांडीवर येऊन बसला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. बालू आला तेव्हा आम्ही नकळत उजवीकडे मान वाकवली. मग लक्षात आले की इथे कपाट नाही. बालू आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पुरा पाहिला.

चित्रपटात सुरुवातीलाच दुष्काळाचा प्रसंग आहे. पाणी इतके आटते की तळ्यातला खडक उघडा पडतो. तो दिसला की जंगलात तह होतो. पाणवठ्यावर कोणी कोणाला मारायचे नाही. वाघ, लांडगा, हरीण सारे एकाच पाण्याला तोंड लावतात. शेरखान तिथे येतो, माणसाच्या पोराचा वास घेतो आणि बजावतो की खडक पुन्हा बुडाला की तह संपला.

परतताना गाडीत सहावीतल्या एका मुलीने विचारले, “काका, मग पाऊस आल्यावर हरणाने प्यायचे कुठे?”

टिटवाळा गेले, खडवली गेले, आम्हाला उत्तर सुचले नाही. तिची वस्ती शहापूर तालुक्यातलीच. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे याच तालुक्यात, त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. टँकर आला की हंड्यांच्या रांगेत सगळे एक असतात. पावसाळ्यात विहिरी भरल्या की पुन्हा ज्याची त्याची विहीर. आमच्या आजीच्या काळी तर गावच्या विहिरीवर आमचा पोहराच चालत नसे. २० मार्च १९२७ या दिवसाविषयी वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको. चवदार तळ्याला तेव्हा दुष्काळ नव्हता.

त्या प्रश्नामुळे आम्ही मूळ पुस्तक मिळवले. बी.कॉम. झालेल्या कारकुनाचे इंग्रजी जेमतेम, तेव्हा शब्दकोश शेजारी घेऊन महिनाभर वाचले. आणि त्यात आम्हाला एक गाढव सापडले.

प्रसंग असा. लांडग्यांनी हाकललेला मोगली माणसांच्या गावात येतो. मेसुआ नावाची बाई त्याला आपला हरवलेला मुलगा समजून घरात घेते. जंगलात वाढलेल्या या पोराला जात म्हणजे काय ते ठाऊकच नाही. एकदा कुंभाराचे गाढव मातीच्या खड्ड्यात घसरते. मोगली जाऊन शेपटीला धरून ते बाहेर ओढतो, वर बाजाराला न्यायची मडकी रचायलाही कुंभाराला मदत करतो. गावाला हा मोठा अधर्म वाटतो. कुंभार खालच्या जातीचा आणि गाढव तर त्याहून वाईट! पुजारी रागे भरतो तेव्हा मोगली म्हणतो की तुम्हालाही गाढवावर बसवीन. लगेच पुजारी मेसुआच्या नवऱ्याला सांगतो, याला कामाला जुंपा. म्हणून त्याला म्हशी राखायला पाठवतात. त्याच म्हशी घळीत उधळवून मोगली शेरखानला तुडवून मारतो. त्यावर गाव त्याचा सत्कार करते का? जादूटोण्याचा आळ घेऊन दगड मारून हाकलते. कळपानेही टाकलेला, गावानेही टाकलेला.

किपलिंगला आमचा कळवळा होता असे मुळीच नाही. तो इंग्रजी साम्राज्याचा कैवारी होता, आणि आपल्याकडच्या माणसांविषयी त्याने बरेच वेडेवाकडे लिहिले आहे. शिवाय कुंभार हा आपल्याकडचा बलुतेदार, त्याला त्याने सरळ खालचा करून टाकले. पण परक्याच्या डोळ्यालाही जे दिसले ते त्याने लिहून ठेवले.

नव्या चित्रपटात हे गावच नाही. मोगली रात्री विस्तव पळवायला येतो तेवढीच माणसांची वस्ती दिसते, तीही लांबून. शेवटी तो जंगलातच राहतो. १९६७ च्या कार्टूनमध्ये तो पाणी भरायला आलेल्या एका मुलीच्या मागून गावात जातो आणि गोष्ट तिथेच संपते. पुढे गावात त्याचे काय झाले ते कोणी विचारत नाही. दोन्ही चित्रपट आम्हाला आवडतात. नव्यातला वाघ तर असा की मांडीवरच्या पोराची नखे आमच्या दंडात रुतली होती. तरी जुनी गोष्ट नव्याने सांगताना डोळ्याला सुखावणारे सारे ठेवतात आणि नेमके टोचणारे तेवढे वगळतात, हे खटकते. मुलांना ते जड जाईल म्हणावे, तर आमच्या मुलांनी ते कधीच पाहिलेले असते.

परत आणायचेच तर मीनाला आणा ना! नव्वदच्या दशकात युनिसेफसाठी तिचे कार्टूनपट झाले, त्यांत मुंबईचे राम मोहन यांचा मोठा वाटा. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात उमेदवारी केलेला हा माणूस, २०१४ साली पद्मश्री मिळाली, २०१९ साली गेला. त्यांची मीना खेड्यातली, शाळेसाठी हट्ट धरणारी, भाऊ राजू आणि पोपट मिठू यांच्या संगतीने फिरणारी. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘मीना-राजू मंच’ या नावाने ती पोहोचली. तिच्यासाठी कोणी तीन घरांचे पैसे गोळा करायला लावणारा चित्रपट काढला, तर आम्ही पहिल्या रविवारी रांगेत उभे राहू.

पावसाळा लागल्यावर विहारातल्या रविवारच्या वर्गात आम्ही मुलांना गाढवाची गोष्ट आमच्या भाषेत सांगितली. पुजाऱ्याला गाढवावर बसवण्याच्या जागी इतका हशा झाला की बाहेर भाजी निवडत बसलेल्या आजीबाई आत आल्या. त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “गाढव जगले ना?”

पुढच्या रविवारी आम्ही विहार उघडले तेव्हा मुले आमच्या आधीच खिडकीतून आत शिरली होती. फळ्यावर खडूने मोगली काढला होता, खड्डा होता, मडकी होती. गाढवाची शेपूट त्यांनी इतकी लांब काढली होती की ती फळ्यावर न मावता भिंतीवर गेली होती.