अर्जासोबतचा कागद संगणकावरून कसा रवाना होतो

योजनेचा अर्ज असो, पीकविम्याचा असो वा कर्जाचा असो, सात-बाराचा उतारा, बँकेच्या खातेपुस्तकाचें पान व छायाचित्र हीं आतां पुष्कळदा मोबाईलवरूनच जोडावीं लागतात. कित्येक शेतकरी बंधूंची समजूत अशी कीं, पडद्यावर कागदाचें नांव दिसलें म्हणजे कागद कचेरींत पोंचला. ही समजूत नेहमींच खरी नसते, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशीं ती महागांत पडते. सबब हा कागद जातो कसा, याची फोड आम्ही येथें करीत आहों.

अर्जांतील नांव, गांव, गट नंबर हा मजकूर पाठविण्याची मूळची रीत साधी आहे. रकाना व त्यांतील मजकूर यांच्या जोड्या एकापुढें एक लिहून एकच लांब ओळ करावयाची. या ओळींत इंग्रजी अक्षरें व आंकडे जसेच्या तसे जातात. इतर बहुतेक प्रत्येक बाइटास, म्हणजे संगणकाच्या लेखनांतील एका घटकास, टक्क्याचें चिन्ह धरून तीन चिन्हें लागतात. ‘गट’ हीं दोन मराठी अक्षरें हल्लींच्या प्रचलित पद्धतींत ६ बाइटांचीं असतात. या ओळींत त्यांचीं १८ चिन्हें होतात. नांवगांवापुरतें हें चालतें. परंतु छायाचित्र असें लिहूं गेल्यास त्याचें ओझें सुमारें अडीचपट होईल. म्हणून या रीतींत कागदाची नक्कल, जिला फाइल म्हणतात, ती जातच नाहीं. तिचें नुसतें नांव जातें.

ही अडचण दूर करणारी रीत झेरॉक्स कंपनींतील नेबेल व मॅसिंटर यांनीं नोव्हेंबर १९९५ मध्यें सुचविली. इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकित लेखांतून प्रसिद्ध होतात, त्यांस आर. एफ. सी. म्हणतात, त्यांपैकीं हा लेख १८६७ क्रमांकाचा. सुधारलेला लेख जुलै २०१५ मध्यें ७५७८ या क्रमांकानें निघाला. या रीतीचें नांव ‘मल्टिपार्ट फॉर्म-डेटा’, म्हणजे अनेक भागांचा अर्ज.

कचेरींतील दप्तराचा रुमाल वाचकांनीं पाहिला असेल. एका रुमालांत अनेक प्रकरणें, आणि प्रत्येकावर त्याची चिठ्ठी. येथेंहि तसेंच आहे. मोबाईलमधील ब्राउझर प्रथम भाग निराळे करणारी एक खूण तयार करतो. ही खूण बहुधा वाटेल तशा जुळविलेल्या अक्षरांची असते. कारण तींच अक्षरें कागदाच्या मजकुरांत आलीं तर भलत्याच जागीं तुकडा पडावयाचा. ती ७० अक्षरांहून लांब नसावी असा नियम आहे. रुमालाच्या शिरोभागीं ही खूण कळविली जाते. मग प्रत्येक भागाच्या आरंभीं दोन आडव्या रेघा व ती खूण. तिच्याखालीं चिठ्ठी, जींत रकान्याचें नांव, फाइलीचें नांव व प्रकार. मग एक कोरी ओळ. आणि नंतर फाइल, एकहि बाइट न बदलतां. सर्व भाग संपले कीं खुणेच्या पुढें व मागें दोन-दोन रेघा येतात, म्हणजे रुमाल बांधला. ईमेलसोबतच्या फाइलींत बहुधा दर ३ बाइटांचीं ४ अक्षरें करावीं लागतात व ओझें एक-तृतीयांशानें वाढतें. येथें तशी वाढ नाहीं.

यावरून व्यवहाराच्या चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली : साध्या अर्जांत फाइल निवडली म्हणजे ती रवाना झाली असें नव्हे. शेवटचें ‘सादर करा’ हें बटण दाबल्यावरच रुमाल निघतो. कांहीं अर्जांत निवडतांच फाइल जाते. यास्तव अर्जावरील सूचना आधीं वाचावी.

दुसरी : या रीतींत रुमाल एकसंध जातो. वाटेंत संपर्क तुटल्यास तो पुन्हां आरंभापासून पाठवावा लागतो. ठरलेल्या मर्यादेहून मोठा रुमाल कचेरीचा संगणक नाकारतो. अशा नकाराचा ठराविक क्रमांक ४१३ आहे. म्हणून छायाचित्र आधींच लहान करावें, मात्र उताऱ्यावरील अक्षर वाचतां आलें पाहिजे.

तिसरी : चिठ्ठीवरील नांव व प्रकार हें पाठविणाराचें केवळ म्हणणें असतें. छायाचित्राच्या नांवापुढें ‘पीडीएफ’ लिहिल्यानें तें पीडीएफ होत नाहीं. खऱ्या पीडीएफच्या आरंभीं टक्क्याचें चिन्ह व पी-डी-एफ हीं अक्षरें असतात. आंत पाहणारा संगणक खोटी चिठ्ठी तत्काळ ओळखतो.

चौथी : खूण म्हणजे मोहर नव्हे. तिनें भाग वेगळे होतात, मजकूर झांकला जात नाहीं. वाटेंत मजकूर झांकण्याचें काम निराळ्या व्यवस्थेचें असून, संकेतस्थळाच्या पत्त्याच्या आरंभींचीं ‘एचटीटीपीएस’ हीं अक्षरें तिची निशाणी होत.

महसुली कामांत आम्ही एक शिस्त पाळीत आलों : पोंच घेतल्यावांचून कागद दिला असें समजूं नये. तीच येथें लागू आहे. अर्जाचा क्रमांक टिपून घ्यावा, सादर झालेला अर्ज उघडून जोडलेला प्रत्येक कागद आंत दिसतो कीं नाहीं तें पाहावें, आणि हें सर्व मुदतीच्या चार दिवस आधीं करावें. म्हणजे एखादा कागद न पोंचल्याचें आढळलें, तरी तो पुन्हां पाठविण्यास अवधि राहील.