डिझाईन मोती : आधी कारागिराशी बोला
सोनाळा परिसरात ज्यांच्या शेततळ्यात बारमाही पाणी टिकते, त्यांना गोड्या पाण्यातील मोतीसंवर्धन करता येईल. मे महिन्यात कोरडे पडणारे तळे मात्र यासाठी निरुपयोगी, कारण मोती तयार होण्यास १२ ते १८ महिने लागतात.

डिझाईन मोत्यासाठी गणपती, पान अशा आकाराचा छोटा साचा शिंपल्याच्या कवचाच्या आतील बाजूस बसवितात. शिंपला त्यावर थर चढवितो. एकदा साचा आत गेला की आकार बदलता येत नाही, म्हणून दागिने घडविणाऱ्याशी बोलणी शस्त्रक्रियेपूर्वीच करावीत.

हा मोती मागून सपाट असतो. नथ, तन्मणी, चिंचपेटी यांना भोक पाडलेले गोल मोतीच लागतात. तेथे हा चालणार नाही. पदक, अंगठी, कर्णफुले यांच्या कोंदणात तो चांगला बसतो. कोंदणाचे माप मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावे व साचा त्याहून किंचित लहान करावा. कर्णफुलांना रंगाने जुळणारी जोडी हवी, शिवाय काही शिंपले मरतातच. त्यामुळे वीस जोड्यांसाठी चाळीस साचे बसवून भागत नाही. भाव सरसकट नगावर न ठरविता चमकेच्या प्रतवारीने ठरवावा आणि इसार घेतल्याखेरीज शिंपले आणू नयेत.